‘पुण्याचं पाणी लागलं’ म्हणण्याआधी: त्वचा बिघडली तर ताटात आणि दिनचर्येत काय शोधायचं

जूनमध्ये भाची सांगलीहून शिकायला पुण्यात आली. गणपतीला आमच्याकडे आली तेव्हा कपाळ आणि हनुवटी पुरळांनी भरलेली. ताईचं फोनवर निदान तयार होतं, "पाणी लागलं गं तिला पुण्याचं." मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे हे निदान मला नवं नाही. सोलापूर, नांदेड, जळगाव, जिथून म्हणून मुलं इथे येतात तिथल्या आयांचं ते ठरलेलं असतं.

पाणी बदलतं हे खरंच. पण पाण्याबरोबर आणखी काय काय बदललं ते मी भाचीला कागदावर लिहायला लावलं. घरी सकाळी भाकरी-भाजी व्हायची, इथे मेसचे पोहे नाहीतर चहा-खारी. घरी दोन चहा, इथे पाच. अकराची झोप दोनवर गेलेली. स्कूटर आली, तिच्यामागून हेल्मेट आलं आणि तोंडाला स्कार्फ. शिवाय रूममेटच्या सांगण्यावरून रोज रात्री चेहऱ्याला लिंबाचा रस. एवढी यादी झाल्यावर पाण्याचा नंबर बराच खाली गेला.

तीच तपासणी इथे पायरीपायरीने देते. फुकटात आणि घरच्या घरी होणारं आधी घेतलंय.

पायरी पहिली: भिंतीवरचं कॅलेंडर

त्वचेच्या वरच्या थरातली पेशी तळाशी जन्मते, हळूहळू वर सरकते आणि गळून पडते. तरुणपणी याला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त. मुरूम तर डोळ्यांना दिसण्याआधी काही आठवडे आत शिजत असतो. म्हणून काल वडापाव खाल्ला आणि आज पुटकुळी आली, हा हिशोब बहुतेक वेळा चुकतो. चार दिवस साखर सोडली आणि काही फरक नाही, हाही तसाच.

तेव्हा एका वेळी एकच बदल, आणि त्याला निदान आठ आठवडे. चहा, दूध, साबण, तेल सगळं एकदम बदललंत तर चेहरा सुधारेलही, पण कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. मग जन्मभर सगळंच वर्ज्य करत बसाल.

नोंदीसाठी ॲप वगैरे नको. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच चौकटीत चार अक्षरं: च म्हणजे चहा किती, झ म्हणजे झोप किती तास, न म्हणजे नवे फोड किती, आणि पाळीचे दिवस गोल करून. ‘च५ झ५ न३’, झालं. भाचीने पहिल्या आठवड्यात रोज अर्धं पान लिहिलं आणि आठव्या दिवशी सोडून दिलं. ही चार अक्षरं मात्र टिकली. रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी, फिल्टर न लावता एक फोटो काढायचा. आरसा रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, फोटोत दिसतो.

पायरी दुसरी: साखर, आणि तीही चहातली

आहार आणि मुरूम यांच्या नात्यात सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. साखर, मैदा, पांढरा भात, साबुदाणा असे पदार्थ रक्तातली साखर झटकन वर नेतात. ती उतरवायला इन्सुलिन जास्त सुटतं. त्याच्या जोडीने शरीरातला वाढीचा आणखी एक घटक, आयजीएफ-१, वाढतो. हे दोघे मिळून त्वचेतल्या तैलग्रंथींना जास्त तेल बनवायला लावतात. छिद्रांच्या तोंडाशी पेशी भराभर साचतात, बूच बसतं आणि आत जंतूंचं फावतं. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुण मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणात साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी आणि प्रथिनं जास्त होती, त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. प्रयोग लहान होता, पण त्याची दिशा पुढच्या कामांतही बरीचशी तीच राहिली.

आता आपला चहा. चमचाभर साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. अमृततुल्यचा कप दिसायला इवलासा, पण त्याची गोडी साधीसुधी नसते. कपाला दोन चमचे धरले तर पाच चहांचे दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ च्या आत ठेवायला सांगते. बिस्कीट, मिल्कशेक, उन्हाळ्यातली मस्तानी हे सगळं अजून बाहेरच आहे.

चहा सोडा असं मी पुण्यात राहून कोणाला सांगणार नाही. ऐकणारही नाही कोणी. करायचं ते असं. पहिल्या आठवड्यात मोजा फक्त. दुसऱ्या आठवड्यात घरच्या चहातली साखर प्रत्येक कपाला अर्ध्या चमच्याने उतरवा. जिभेला आठ-दहा दिवसांत सवय होते. तिसऱ्यापासून बाहेरचे चहा दोनवर आणा आणि चहाबरोबरची खारी, क्रीमरोल बंद करून त्या जागी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. गूळ घातलेला चहा म्हणजे सुटका नव्हे, इन्सुलिनच्या दृष्टीने गूळही साखरच.

जेवणात भात-पोळीवर बंदी नको, जोडी बदला. नुसते पोहे खाऊ नका. त्यात मटार, मोड आलेली मटकी, वरून भरपूर दाणे, शेजारी वाटीभर दही. मेसच्या ताटात आधी उसळ आणि काकडी, मग पोळी, भात शेवटी. उपासाला साबुदाण्याऐवजी वरईचा भात आणि दाण्याची आमटी. श्रावणात ज्यांचे आठवड्याला दोन-दोन उपास असतात त्यांना या एका बदलाचा फरक जाणवतो.

जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायलाच हव्यात असं नाही, सोसायटीच्या आवारात चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

मधेच एक: मान काळी पडलीय?

मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा येतो. आई म्हणते, नीट अंघोळ करत नाहीस. मग घासणी, दगड, बेसन, बेकिंग सोडा. मानेची सालं निघेपर्यंत घासून घेतलेली एक मुलगी माझ्यासमोर बसून रडली आहे. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त स्रवतं, आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनने तिथली त्वचा जाड होते. घासल्याने उलट आणखी काळी पडते.

तिथे क्रीम शोधण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान आली तर मधुमेह उंबरठ्यावर आहे. वजन जास्त असेल आणि ते थोडं जरी उतरलं तरी मान हळूहळू उजळते. त्याला महिने लागतात. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या रेषेवर दुखरे फोड हे त्रिकूट असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा, पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी हवी.

पायरी तिसरी: दूध आणि जिमचा डबा

दुधाचा आणि मुरुमांचा संबंध निरीक्षणांतून दिसतो, साय काढलेल्या दुधात थोडा जास्त. पण तो सगळ्यांना लागू होत नाही. म्हणून दूध सरसकट बंद करू नका, विशेषतः शाकाहारी असाल तर. साखरेचे आठ आठवडे होऊन फोड तसेच असतील तर पुढचे आठ आठवडे दुधाचे पेले बंद करून बघा, दही-ताक चालू ठेवा. कॅलेंडरवरचा ‘न’ उतरला नाही तर दूध परत सुरू.

व्हे प्रोटीनची गोष्ट वेगळी. जिम लावल्यावर दीड-दोन महिन्यांत पाठ आणि खांदे फोडांनी भरलेला मुलगा आला की माझा पहिला प्रश्न डब्याचा असतो. व्हे दुधातूनच निघतं आणि इन्सुलिन जोरात वाढवतं. बंद करून सत्तू, अंडी, पनीर, सोयाबीन यांवर दोन महिने काढून बघा. प्रथिनांची साधी गरज वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त, तरी दिवसाला तीन स्कूप लागत नाहीत.

पायरी चौथी: कमी काय पडतंय

लोक माझ्याकडे ‘काय सोडू’ विचारत येतात. निम्म्या जणांना मी ‘हे सुरू करा’ असं सांगून पाठवते.

पहिलं बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. शाकाहाराशी त्याचा थेट संबंध. कमतरता लांबली की बोटांच्या पेरांवर, तळहाताच्या रेषांत काळपटपणा येतो, जीभ गुळगुळीत लालसर होते. रक्त तपासा आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळी किंवा इंजेक्शन घ्या. मात्र मनाने इंजेक्शनांचा कोर्स नको; बी-१२ जास्त झाल्यावर काहींच्या चेहऱ्यावर मुरमांसारखे फोड येतात. उपायाने अपाय म्हणतात तो हा.

लोह. चेहरा फिका, केस मुठीने गळतात, जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही.

सी जीवनसत्त्व. त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन बनताना ते लागतंच. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्यात पन्नासच्या आसपास. थंडीत मध्यम आकाराचा एक पेरू किंवा एक आवळा खाल्लात तर दिवसाची गरज भागते. महागडी कोलॅजन पावडर घेण्यापेक्षा पोट भरेल इतकी डाळ-उसळ आणि एक पेरू, असं माझं स्पष्ट मत.

आणि जवस. कोरडी, खरखरीत त्वचा असणाऱ्यांना मी जवसाची चटणी सांगते, कारण त्यात ओमेगा-३ प्रकारातली चरबी आहे आणि मासे न खाणाऱ्यांना ती दुसरीकडून फारशी मिळत नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार झाल्यावर सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून भरडायचे. अख्खे जवस गिळले तर तसेच बाहेर पडतात. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा; ही चटणी फार लवकर खवट होते. रोज एक मोठा चमचा, गरम भाकरीवर तेल घालून.

भाकरीचं कौतुक मला आहेच, पण हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया या पोषणशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये दाखवलं होतं की जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा होतो, ज्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी त्वचा करपल्यासारखी होते. भाकरीला डाळ, उसळ, दाणे यांची जोड हवी. आपल्या आज्यांनी पिठल्याची जोड दिली होती ती उगाच नाही.

पाणी किती प्यायचं? लघवी फिकट पिवळी राहील इतकं. चार लिटर प्यायल्याने चेहरा चकाकतो ही समजूत आहे, कोरडेपणा बाहेरून मॉइश्चरायझर लावूनच जातो.

पायरी पाचवी: स्कार्फ, हेल्मेट, उशी

पुण्याच्या मुलींचा स्कार्फ हा चेष्टेचा विषय झालाय, पण ऊन आणि धूळ दोन्ही खऱ्या आहेत, त्यामुळे स्कार्फ सोडा असं मी म्हणणार नाही. भाचीचा स्कार्फ मी हातात घेतला तेव्हा नाक आणि हनुवटीजवळचा भाग कडक झाला होता. घाम, लाळ, सनस्क्रीन, सिंहगड रोडवरची धूळ, सगळं त्यात वाळलेलं. तो ती पंधरा दिवसांतून एकदा धूत होती. फोडही नेमके त्याच पट्ट्यात.

तीन सुती स्कार्फ ठेवा, रोज एक, संध्याकाळी धुवायला. फार घट्ट बांधू नका, घासण्यानेही फोड येतात. एक परीक्षा करा: कापड खिडकीकडे धरा. आरपार उजेड दिसला तर ऊनही तितकंच आत येतंय. गडद आणि घट्ट विणीचं कापड जास्त अडवतं. स्कार्फखाली सनस्क्रीन लागतंच.

हेल्मेटचं आतलं अस्तर बहुधा निघतं, आठवड्याला धुवा. आत पातळ सुती टोपी घाला. केसांना रात्रभर तेल थापून झोपण्याची सवय असेल आणि फोड केसांच्या कडेने कपाळावर असतील तर कारण हातात आहे. तेल अंघोळीआधी तासभर लावा, केस बांधा आणि कपाळावर ओघळू देऊ नका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

पायरी सहावी: ऊन

सावली बघा. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन त्वचेला बाधण्याइतकं तीव्र आहे. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. पावसाळ्यात ढग असतात म्हणून आपण बेसावध राहतो एवढंच. ढगांतून आणि गाडीच्या काचेतूनही त्वचा काळवंडवणारे किरण येतात.

सनस्क्रीन एसपीएफ ३० चं पुरेसं, पण दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा भरतील इतकं, चेहरा आणि मानेला मिळून. बहुतेक जण हरभऱ्याएवढं लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. गालावर वांग असेल तर रंगीत, लोहाचे ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या. वांग नुसत्या उजेडानेही गडद होतो आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो अडवत नाही.

आणि तो लिंबाचा रस. लिंबू लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, ते महिनोन् महिने राहतात. लिंबू भाजीवर पिळा.

पायरी सातवी: आता पाणी

शहराच्या बऱ्याच भागाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी मिळतं आणि ते फार जड नसतं. पण हद्दीजवळच्या नव्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं पाणी येतं, आणि ते बऱ्याचदा जड असतं. ओळखायला सोपं: साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. जड पाण्यात साबणाचा चिकट अंश त्वचेवर राहतो. कोरडी किंवा एक्झिमाची त्वचा त्याने चुरचुरते. मुरूम त्याने सहसा येत नाहीत.

उपाय साधा आहे. अंगाला साबण काखा, जांघा, पाय एवढ्याच ठिकाणी, चेहऱ्याला सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा. पाणी कोमट; डिसेंबरमध्ये कडकडीत पाण्याची मजा असते, पण नंतर पायांवर खवले दिसतात ते त्याचेच. चेहऱ्यावर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. दिवाळीचं उटणं दिवाळीपुरतं.

झोप

हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांना लवकर झोपा म्हणणं म्हणजे थट्टाच. त्यांनी वेळ तरी रोज एकच ठेवावी, दिवसा खोलीत पूर्ण अंधार करावा आणि पहाटे घरी येऊन मिसळ-पाव न खाता हलकं खावं. बाकीच्यांनी मोबाइल खोलीबाहेर ठेवावा. झोप तुटली की त्वचेचं संरक्षक कवच सावकाश भरून येतं, आणि दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं. म्हणजे परत पायरी दुसरी.

आंबा, पित्त आणि दूध-मासे

आंब्याने उष्णता वाढून फोड येतात असं ठाम सांगता येत नाही. रसाच्या वाट्यांवर वाट्या आणि सोबत पुऱ्या, यातली साखर-मैद्याची बेरीज मात्र पायरी दुसरीत मोजा. ओठांभोवती खाज सुटून पुरळ आलं तर ते बहुधा आंब्याच्या चिकाचं काम. आंबे पाण्यात भिजवा, देठाकडचा भाग कापून टाका, आणि साल दातांनी सोलू नका.

अंगावर पित्त उठलं की आमसुलाचा कोळ लावतात. थंड वाटतं, लावा. पण गांधी रोज उठत असतील, सहा आठवड्यांहून जास्त चालल्या असतील तर डॉक्टर हवेत. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर लगेच दवाखाना.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं, हे खरं नाही.

डॉक्टरांकडे कधी

फोड खोल, दुखरे आणि खड्डे पाडणारे असतील तर आठ आठवडे थांबू नका, खड्डे आहाराने भरत नाहीत. त्वचेवर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोग असला तर औषध मोफत मिळतं आणि पूर्ण बरा होतो. जांघेत किंवा कमरेला गोल, कडेने लाल, खाजरा नायटा असेल तर दुकानातून ट्यूब आणू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. पावसाळ्यात भिजलेल्या जीन्समुळे कमरेला आलेल्या नायट्यावर दुकानदाराने दिलेली ट्यूब लावली, तीन दिवसांत खाज थांबली, तीन आठवड्यांत नायटा पाठभर पसरला. त्यात स्टेरॉइड होतं. तीच मलमं मुली गोरं दिसायला चेहऱ्यालाही लावतात. मग त्वचा पातळ, लाल होते आणि मलम थांबवलं की आग होते. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने २०१८ मध्ये मनाई केली, तरी ती मिळतात.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना घरातली सगळी मलमं, फेसवॉश, प्रोटीनचा डबा एका पिशवीत भरून न्या आणि कॅलेंडरची पानं फाडून वर ठेवा. भाचीच्या पिशवीतून सात ट्यूब निघाल्या. डॉक्टरांनी त्यातल्या सहा बाजूला काढल्या, मग तिला बसायला सांगितलं.